पातळ जॉब बेडवर धरताना

सीएनसी राउटरवर पातळ शीट कोरताना काम बिघडते ते बहुधा मध्यभागी. कडा शाबूत असतात. १८ मिलिमीटरच्या प्लायला चार कोपऱ्यांत क्लॅम्प लावले की पुरते, कारण त्याच्या अंगचा ताठपणा बाकीचे काम करतो. हा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे त्याच मालाची ३ मिलिमीटरची शीट सहापट पातळ असली, तरी लवचीक मात्र २१६ पट असते. तिचे कोपरे कितीही आवळले तरी मधला भाग मोकळाच राहतो.

जाड मालाची सवय घेऊन पातळ मालाकडे वळलेल्या बहुतेक कारागिरांचे पहिले नुकसान इथेच होते. उदाहरण देव्हाऱ्याच्या जाळीचे घेऊ. शीट चार बाजूंनी आवळलेली असते आणि सुरुवातीची भोके नीट पडतात. जाळी मोकळी होत जाते तशी शीट थरथरू लागते आणि आवाज बदलतो. मग बिट एखादी पट्टी वर खेचतो आणि जाळीचा तुकडा तुटून उडतो. ऑपरेटर क्लॅम्प आणखी आवळतो, तेव्हा मामला अधिकच चिघळतो. कडेवर जास्त दाब पडला की पातळ शीट मध्ये फुगते, म्हणजे जिथे टेकायला हवी तिथूनच ती उचलली जाते. शिवाय क्लॅम्प स्पिंडलच्या वाटेत येण्याची भीती असतेच. पातळ जॉबसाठी क्लॅम्प हा दुय्यम उपाय आहे. शीट सरकू नये एवढेच काम त्याच्याकडे द्यावे.

बिट शीट वर का खेचतो, हे त्याच्या पिळात दिसते. नेहमीच्या अपकट बिटाचा पीळ भुसा वर काढतो आणि त्याबरोबर शीटही उचलू पाहतो. डाउनकट बिट उलट शीट खाली दाबतो, म्हणून पातळ प्लाय आणि एमडीएफसाठी तो सोयीचा. मात्र भुसा खाचेतच कोंबला जातो, उष्णता वाढते आणि लाकूड करपते. अ‍ॅक्रिलिक तर वितळून बिटालाच चिकटते. अ‍ॅक्रिलिकसाठी एका धारेचा अपकट बिट वापरावा आणि पकडच भक्कम करावी.

नावाच्या पाट्या कोरणारा व्ही-बिट फारसा उचलत नाही; तिथे दोष वेगळा दिसतो. ९० अंशांच्या बिटाने पडणाऱ्या रेघेची रुंदी खोलीच्या दुप्पट असते. शीट एखाद्या जागी अर्धा मिलिमीटर फुगली असेल, तर तिथली रेघ पूर्ण एक मिलिमीटरने जाड होते. एकाच पाटीवर काही अक्षरे ठळक आणि काही बारीक आली, तर डिझाइनच्या फाइलमध्ये चूक शोधण्याआधी शीटखाली बोट घालून पाहावे. ६० अंशांच्या बिटात हा फरक जवळपास निम्मा राहतो.

म्हणून पहिली तयारी खालच्या पृष्ठभागाची. बेडवर बसवलेली, बिटाचे घाव झेलणारी एमडीएफची शीट त्याच मशीनवर, रुंद फेसिंग बिटाने सपाट करून घ्यावी. बाजारातून आणलेली कोरी शीट सपाट दिसली, तरी मशीनच्या चालीशी ती समांतर असेलच असे नाही. जुन्या खाचांत साचलेला भुसा आणि टेपचे राहिलेले तुकडेही काढावेत.

पृष्ठभाग तयार झाला की डबल टेप हा सर्वांत हाताशी असलेला उपाय. तो फसतो तो बहुधा धुळीमुळे. कच्च्या एमडीएफवर टेप लावला तर तो वरच्या सुट्या तंतूंना चिकटतो, एमडीएफला नाही. तिथे आधी सीलरचा एक हात मारून तो वाळू द्यावा. टेपच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावाव्यात; एकावर एक चढल्या की तेवढा उंचवटा तयार होतो. नंतर संपूर्ण शीट रोलरने दाबावी, कारण हा गोंद दाबानेच धरतो. बोथट बिटाच्या उष्णतेने तो सैल पडतो, हेही ध्यानात ठेवावे. टेपची आणखी खात्रीची रीत म्हणजे बेडवर आणि जॉबखाली मास्किंग टेप लावून दोन टेपांमध्ये सुपर ग्लूच्या पातळ रेघा ओढायच्या. पकड घट्ट होते आणि काम झाल्यावर टेप सोलून निघतो. सोनार पातळ पत्र्यावर नक्षी करताना तो लाखेवर किंवा राळेवर बसवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे: पत्रा सगळ्या अंगाने टेकलेला हवा.

लाकडाच्या पातळ फळीसाठी जुन्या सुतारांचा कागदी सांधा अजूनही उत्तम. फळी आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून दोन्ही बाजूंना फेविकॉल लावायचा आणि रात्रभर दाबून ठेवायचे. कोरून झाल्यावर पातळ पटाशी कागदात घातली की सांधा उकलतो. फळी आधीच वाकलेली असेल तर मात्र हा उपाय धोक्याचा. सुटल्यावर ती पुन्हा वाकते आणि नक्षीही तिच्याबरोबर वाकते. ती आधीच रंधून सरळ करावी.

व्हॅक्यूम टेबल असले म्हणजे प्रश्न मिटला, असा समज आहे. तो अर्धाच खरा. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. निम्मा निर्वात झाला तरी १० बाय १० सेंटिमीटरच्या जॉबवर सुमारे ५० किलोचा भार येतो, पण ४ बाय ४ च्या तुकड्यावर जेमतेम ८ किलो. बिटाचा आडवा रेटा तर केवळ घर्षणाने अडतो आणि घर्षण या भाराचा एक अंशच असते. त्यातच जाळीचे प्रत्येक आरपार भोक हवेला वाट करून देते. म्हणून जाळी कापताना तळाशी ०.२ ते ०.३ मिलिमीटरची साल शिल्लक ठेवावी आणि ती नंतर पॉलिश पेपरने काढावी. टेपवर किंवा क्लॅम्पवर काम असेल तर सालीऐवजी टॅब, म्हणजे न कापता ठेवलेले छोटे दुवे, चालतात. ३ मिलिमीटरच्या शीटसाठी एक मिलिमीटर उंच आणि चार-पाच मिलिमीटर रुंद टॅब पुरतात. ते सरळ कडेवर द्यावेत. गोलाईवरचा टॅब घासून काढताना आकार बिघडतो. कोणतीही पकड असो, आतली भोके आधी कापावीत आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी.

जॉब सोडवताना घाई नको. तो पुट्टीच्या पातळ पट्टीने कडेकडून हळूहळू सैल करावा, एका टोकाला धरून ओढू नये. अ‍ॅक्रिलिकवरचा टेप काढायला थिनर किंवा स्पिरिट वापरू नये. कापलेल्या कडांना त्याने बारीक तडे जातात. टेप अ‍ॅक्रिलिकच्या संरक्षक कागदावरच लावला असेल, तर ही वेळच येत नाही. स्पिंडल पूर्ण थांबेपर्यंत हात बेडवर जाऊ देऊ नयेत. बंद केल्यावरही बिट काही काळ फिरत असतो आणि तेवढ्यातही तो बोट कापतो.