शिजवणे आणि भरवणे यांमधील काळ

बालकाच्या वयाचे सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूध हेच त्याचे संपूर्ण अन्न होय. त्यानंतर केवळ दुधावर त्याची वाढ भागत नाही. विशेषतः लोहाची उणीव भासू लागते. म्हणून स्तनपान चालू ठेवूनच मऊ, घट्टसर अन्न सुरू करावे लागते. उष्टावणाचा संस्कार होतो तो याच सुमारास आणि अतिसाराचा धोका वाढतो तोही याच सुमारास. अनेक घरांत अजूनही याचा दोष बाळाच्या दातांकडे जातो. वास्तविक दात येणे आणि वरचे अन्न सुरू होणे या दोन गोष्टी एकाच काळात घडतात, एवढाच काय तो त्यांचा संबंध. कारण पुष्कळदा वाटीत असते.

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात केनेबा नावाचे एक खेडे आहे. 1970 नंतरच्या दशकात तेथे ब्रिटिश संशोधकांनी बालकांच्या अन्नाची तपासणी केली. पावसाळ्यात तेथील स्त्रिया दिवसभर भातशेतीत राबत. सकाळी शिजवलेली धान्याची पेज घरी ठेवली जाई व तीच बाळाला पुन्हापुन्हा भरवली जाई. जसजसे तास लोटत, तसतशी त्या पेजेतील जंतूंची संख्या वाढत असल्याचे आढळून आले. आपल्याकडील लावणीच्या दिवसांचे चित्र याहून फारसे निराळे नाही.

या वाढीचे गणित विलक्षण आहे. उबदार, ओलसर अन्नात काही जंतू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात. या वेगाने एका जंतूपासून सहा तासांत अडीच लाखांहून अधिक जंतू निर्माण होतात. आणि पेजेला वास येत नाही, रंगही बदलत नाही. पाच ते साठ अंश सेल्सियस हे तापमान अशा वाढीस पोषक असते. आपल्या स्वयंपाकघराचे तापमान बहुतेक वर्षभर याच मर्यादेत असते, हे लक्षात घेतले म्हणजे शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये, या नियमाचे मर्म कळते.

पुन्हा उकळले की सारे निर्धोक झाले, ही समजूत अपुरी आहे. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात हे खरे. पण भातात वाढणारे काही जंतू बीजाणूंच्या रूपाने उकळण्यातूनही तग धरतात. हातावरील फोडातून किंवा नाकातून अन्नात उतरणारे काही जंतू तर असे विष निर्माण करतात की, जंतू मेले तरी विष कायम राहते. बाळाच्या वाटीतील उष्टे अन्न पुढच्या वेळेसाठी ठेवू नये, ते याचसाठी.

भांड्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर वाटी-चमचा उत्तम. बाटलीचे बूच व बोंडल्याची चोच आतून घासता येत नाही. मधाचे मात्र वेगळे आहे. मध नासत नाही, म्हणून तो निर्दोष मानला जातो. नवजात बालकाला मध चाटवण्याची चालही जुनी आहे. तथापि मधात असू शकणारे बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारे विष निर्माण करतात. या विकाराची ओळख 1976 साली अमेरिकेत पटली. वर्ष पूर्ण होण्यापूर्वी मध देऊ नये, औषधाच्या अनुपानातही नाही.

परंतु जिला पहाटे कामावर जावयाचे आहे, तिने दर वेळी ताजे खिमट कसे शिजवावे? तिला नुसता उपदेश करणे सोपे आहे. जंतूंच्या वाढीला पाणी लागते. म्हणून कोरडे अन्न हा येथे खरा आधार ठरतो. तांदूळ किंवा नाचणी आणि मूगडाळ धुऊन, पूर्ण वाळवून, खमंग भाजून दळावी व घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावी. मागे राहणाऱ्या आजीने अथवा थोरल्या बहिणीने साबणाने हात धुऊन, त्या वेळेपुरतेच दोन-तीन चमचे पीठ पाण्यात कालवावे, चांगले उकळून शिजवावे आणि कोमट होताच भरवावे. डब्यात ओला चमचा घालू नये.