बहिष्काराचे दोन अर्थ : दक्षिण आफ्रिकेवरील निर्बंध आणि भारत

‘बहिष्कार’ हा शब्द महाराष्ट्रातील दलित समाजाला शब्दकोशातून शिकावा लागला नाही. माणुसकीचे हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी बंद करावयाची, दुकानातून जिन्नस द्यावयाचा नाही, वाटा अडवावयाच्या, हे गावगाड्याचे जुने हत्यार होते. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे पाक्षिक काढले, त्याचे नावच ‘बहिष्कृत भारत’ होते. पुढे १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा, अशी मागणी त्यांनी केली.

याच सुमारास भारताने एका परराष्ट्रावर बहिष्कार टाकला होता आणि तो न्यायाच्या बाजूने होता. एकच कृती गावात अन्याय आणि जगात न्याय कशी ठरते, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेखात दक्षिण आफ्रिकेवरील निर्बंधांचा इतिहास मांडत आहोत.

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तेथील भारतीयांच्या जमीनधारणेवर बंधने घालणारा कायदा केला. ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्यांचे वंशज आणि त्यांच्या पाठोपाठ गेलेले व्यापारी यांना ठराविक वस्त्यांपुरते कोंडून ठेवणे, हा त्याचा हेतू होता. भारत तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता. तरीही त्याच वर्षी जुलैमध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. असे पाऊल उचलणारा तो पहिला देश. भारताच्या निर्यातीपैकी पाच टक्क्यांहून अधिक माल तेव्हा त्या देशात जात असे. हे नुकसान भारताने आपण होऊन पत्करले.

त्याचबरोबर हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेण्यात आला. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या, तर समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स होते. स्मट्स यांचा युक्तिवाद सनदेच्या दुसऱ्या कलमावर आधारलेला होता. कोणत्याही देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये, असे ते कलम सांगते. ‘हा आमच्या घरातील प्रश्न आहे’, असा त्याचा सरळ अर्थ. भारताचे उत्तर असे की, या भारतीयांविषयी दोन्ही सरकारांत १९२७ साली केप टाऊन येथे करार झालेला आहे. शिवाय मानवी हक्कांचा आदर राखण्याचे वचन प्रत्येक सदस्यराष्ट्राने सनदेवर सही करतानाच दिलेले आहे. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताने, भारताच्या बाजूचा ठराव संमत झाला. अन्याय करणाऱ्याने ‘घरातला प्रश्न’ म्हणून दार लावून घेतले तरी जगाला ते ठोठावता येते, हे तत्त्व तेथे रुजले.

१९४८ साली दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे राज्याचे उघड धोरण झाले. माणसाची नोंद वर्णानुसार होऊ लागली, वस्त्या वर्णानुसार वाटल्या गेल्या, कृष्णवर्णीयांना स्वतःच्याच देशात पास बाळगावा लागला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ६९ जण ठार झाले. १९६२ साली आमसभेने सदस्यराष्ट्रांना संबंध तोडण्याचे आवाहन केले. १९६३ साली सुरक्षा परिषदेने शस्त्रविक्री थांबवण्याची विनंती केली. विनंतीचे बंधनकारक आदेशात रूपांतर व्हावयास मात्र १९७७ साल उजाडले; तत्पूर्वी १९७६ साली सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. बड्या राष्ट्रांचे हितसंबंध गुंतलेले असले म्हणजे न्यायाची पावले किती जड पडतात, हे या तारखाच सांगतात.

या काळात भारताचे धोरण ढळले नाही. भारतीय पारपत्रावर दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासास मनाई असे. १९६७ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे कार्यालय नवी दिल्लीत उघडले. १९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता. भारताने सामना खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच प्रतिपक्षाकडे गेला. हाताशी आलेले यश सोडून देणे म्हणजे काय, हे क्रीडांगणावर घाम गाळणाऱ्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.

निर्बंधांमुळे कृष्णवर्णीय मजुरांचेच हाल होतील, असा आक्षेप ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी घेतला. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परंतु त्याचे उत्तर पीडितांनीच दिले होते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष आल्बर्ट ल्युथुली यांनी १९५९ सालीच जगाला बहिष्काराचे आवाहन केले होते. त्याने होणारा त्रास सोसण्यास आमचे लोक तयार आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९८६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला. देशांतर्गत लढ्याला बाहेरच्या दबावाची जोड मिळाली. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या कारावासातून मुक्त झाले आणि १९९४ साली सर्व वर्णांच्या नागरिकांनी मतदान केले. त्यापूर्वी १९९३ साली, लोकशाहीचा मार्ग निश्चित होताच, मंडेलांनी स्वतः निर्बंध उठवण्याची विनंती केली होती.

याउलट चित्र इराकचे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापला, तेव्हा सुरक्षा परिषदेने त्याच्यावर सर्वंकष निर्बंध लादले. कुवेत मुक्त झाल्यावरही ते वर्षानुवर्षे चालू राहिले. सद्दाम हुसेन यांची सत्ता टिकली. औषध आणि अन्न यांच्या टंचाईची झळ सामान्य कुटुंबांना बसली. संयुक्त राष्ट्रांचे तेथील मानवतावादी कार्याचे समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली याच कारणास्तव राजीनामा दिला. त्या निर्बंधांची मागणी इराकी जनतेने केलेली नव्हती आणि ते लादणाऱ्यांना फारशी झळही लागली नाही. गावाने एका वस्तीचे पाणी तोडावे, त्याच जातीचा तो बहिष्कार झाला.

या दोन उदाहरणांवरून काही कसोट्या हाती येतात. बहिष्काराची मागणी पीडित करीत आहेत काय? बहिष्कार टाकणारा स्वतः किंमत मोजतो काय? वार सत्तेवर होतो की दुबळ्याच्या ताटावर? आणि हेतू साध्य होताच तो उठवण्याची तयारी आहे काय? बलवानाने दुबळ्याला नमवण्यासाठी वापरला तर बहिष्कार हा जुलूम आहे; दुबळ्याच्या हाकेला ओ देऊन बलवानाविरुद्ध वापरला तर तो अहिंसक प्रतिकार आहे. शब्द एकच असला तरी दिशा निराळी आहे.

आणखी एक कसोटी आहे, ती आपल्या घरची. संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेने भारतातील जातिभेदाकडे बोट दाखवले. स्वतःचे पाप झाकण्यासाठीच ते दाखवलेले होते. पण ज्याच्याकडे ते वळले होते तो भेद खोटा नव्हता. त्याच सुमारास बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांप्रमाणे भारतातील अस्पृश्यही संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागण्याचा विचार करीत आहेत, असे कळवले होते. पुढे संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्याची गरज महाराष्ट्राला २०१६ साली भासली, यावरून कलम आणि आचरण यांतील अंतर ध्यानात यावे.

म्हणून भारताचे १९४६ चे पाऊल आम्ही अभिमानाने शिकवतो, पण ते अर्धेच शिकवू नये, असे आमचे मत आहे. डर्बनमधील भारतीयासाठी जे मागितले, तेच आपल्या गावकुसाबाहेरील माणसाला मिळाले पाहिजे. वर्तमानपत्रात ‘निर्बंध’ हा शब्द दिसेल तेव्हा विद्यार्थ्यांनी वरील कसोट्या लावून पाहाव्यात, आणि मग तीच नजर आपल्या गावाकडे वळवावी.