क्लचमधील हवा

डिसेंबर 1983 मध्ये गुडगावच्या (आजचे गुरुग्राम) कारखान्यातून विक्रीस आलेल्या मारुती 800 या मोटारीचा क्लच केबलने ओढला जाई. आज अनेक मोटारींत हे कार्य द्रवाकडे आहे. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील द्रव नळीतून पुढे सरकतो आणि त्याच्या दाबाने स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो. द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही. हवा मात्र सहज आकसते. म्हणूनच सिलिंडर बदलल्यावर आत शिरलेली हवा काढणे अगत्याचे असते. ती राहिल्यास पेडल खाली जाते, पण क्लच पुरता सुटत नाही. दिल्लीच्या गर्दीत, ऐन चौकात गिअर न पडणे धोक्याचे होय.

टाकी नव्या ब्रेक ऑइलने भरावी. निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवावे. मदतनिसाने पेडल दाबून धरल्यावरच निपल सैल करावे, बुडबुडे निघाले की आवळावे आणि मगच पेडल सोडावयास सांगावे. हा क्रम चुकल्यास हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हीच कृती करावी. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. निघालेले ऑइल पुन्हा वापरू नये.