टर्बो काढायचा की सुपरचार्जर लावायचा? आपल्या पिकअपच्या निमित्ताने



आपली जुनी डिझेल पिकअप गेला आठवडाभर खंडेराव मार्केटसमोर उभी होती, ती बऱ्याच जणांनी पाहिली असेल. टर्बो गेलाय. एक मिस्त्री म्हणतो, "काढून टाका, टर्बोशिवाय पण गाडी चालते." दुसरा म्हणतो, "पट्ट्यावरचा सुपरचार्जर बसवू, पाय ठेवला की ओढेल." टर्बोचा खर्च ऐकून कमिटीतले दोघे-तिघे या सल्ल्यांकडे झुकलेत. पैसा सगळ्यांचा आहे, म्हणून आधी हे दोन्ही प्रकार नीट समजून घेऊ.

डिझेल जळायला हवा लागते. हवा कमी असेल तर जास्त डिझेल सोडून नुसता काळा धूर निघतो. साधं इंजिन पिस्टनने ओढेल तेवढीच हवा घेतं. तीच हवा दाबून भरली तर तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. टर्बो आणि सुपरचार्जर दोघांचंही काम हेच, हवा कोंबायचं. फरक एवढाच की ते काम कोणाच्या जोरावर होतं.

लोहाराचा भाता आठवा. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाने स्वतःच्याच हाताने हलवायचा भाता. क्रँकच्या पुलीवरून पट्टा जातो आणि तो आतले रोटर फिरवतो. यातला जुना प्रकार अमेरिकेतल्या रूट्स बंधूंचा, १८६० च्या सुमाराचा. तेव्हा मोटारगाडी नव्हतीच, तो ब्लोअर भट्ट्यांना वारा घालायला वापरायचे. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात पाठवतो. याचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियरने १९०५ मध्ये घेतलं. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे टर्बो आधी जहाजांवर आला, १९२० च्या दशकात. मोटारीत तो १९६२ मध्ये अमेरिकेत आला.

आता पैशाचा हिशेब. १०० रुपयांचं डिझेल जाळलं तर चाकापर्यंत जेमतेम ३०-३५ रुपयांचं काम पोचतं. साधारण ३० रुपये रेडिएटरमधून जातात आणि तेवढेच धुरातून. टर्बो त्या धुरात वाया जाणाऱ्या रुपयांतून आपलं भागवतो. सुपरचार्जर मात्र आपल्या कमाईच्या ३०-३५ मध्येच हात घालतो. आपल्यासारख्या अडीच लिटरच्या इंजिनाला पूर्ण जोरात टर्बोइतकी हवा पट्ट्यावरून द्यायची तर माझ्या ढोबळ हिशेबाने १० ते १५ हॉर्सपॉवर त्या भात्यातच जातील. पाऊणशे हॉर्सपॉवरच्या इंजिनात ही गळती लहान नाही. टर्बोही अगदी फुकट नाही, कारण त्याच्यामुळे धुराला वाट अडते आणि पिस्टनला तो जोर लावून बाहेर ढकलावा लागतो. तरी बेरीज-वजाबाकीत टर्बोच पुढे राहतो. म्हणूनच आजच्या डिझेल ट्रक, पिकअप आणि मोठ्या बोटींच्या इंजिनांवर टर्बोच दिसतो.

मग सुपरचार्जर वाईट का? तसं नाही. त्याला वाट पाहावी लागत नाही. टर्बोला धुराचा जोर यायला क्षणभर लागतो, सुपरचार्जर पहिल्या दाबालाच हवा देतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्याकडे १९३० च्या दशकातली सुपरचार्जरवाली ड्यूसेनबर्ग होती, जवळपास सात लिटरचं इंजिन आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० हॉर्सपॉवर. महाराजांना अ‍ॅव्हरेजची चिंता नव्हती, आपल्याला आहे. मर्सिडीजच्या मागे 'कॉम्प्रेसर' लिहिलेल्या गाड्या काहींनी पाहिल्या असतील, त्या सुपरचार्जरच्याच. २०१० च्या आसपास तिथेही त्यांची जागा टर्बोने घेतली, त्यात इंधनाच्या खर्चाचा आणि धुराच्या नियमांचा मोठा वाटा होता. फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर दोन्ही लावून १७० हॉर्सपॉवर काढली. खालच्या वेगात सुपरचार्जर, वरच्या वेगात टर्बो. भारी काम आहे, पण दुरुस्तीला दुप्पट भाग.

घरासाठी छोटी टर्बो पेट्रोल कार घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एक लिटरचं इंजिन शांत चालवलं तर एक लिटरसारखंच पितं. पाय दाबून चालवलं की मोठ्या इंजिनासारखं पितं. कागदावरचं अ‍ॅव्हरेज हळू पायाचं असतं.

आता "टर्बो काढून टाका" या सल्ल्याबद्दल. आपल्या गाडीचं डिझेल टर्बोच्या हवेच्या मापाने सुटतं. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणजे काळा धूर, तापलेले पिस्टन आणि सापुताऱ्याच्या घाटात बर्फाच्या क्रेटसह धापा टाकणारी गाडी. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात तर कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरचं असंच झालं होतं. तिच्या टर्बोला पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण भरावं लागे, मालक ते विसरत, मग कटकट नको म्हणून पुष्कळांनी टर्बोच काढून घेतला. गाडी चालायची, पण जे विकत घेतलं होतं ते गेलं. सुपरचार्जरचा सल्लाही मला पटत नाही. पुली, पट्टा, पाइप सगळं जुळवावं लागेल आणि उद्या बिघडला तर स्पेअर कुठून आणायचा?

आपला टर्बो का गेला तेही सांगतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. हायवेवरून भरलेली गाडी आणून लगेच चावी फिरवली की ऑइल थांबतं, पण टर्बो तापलेलाच असतो. आतलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. मार्केटला पोचायच्या घाईत आपल्याकडे रोज हेच व्हायचं. त्यात ऑइल बदलणं दोनदा पुढे ढकललं गेलं, ते मीच ढकललं होतं. बिलं वाचवायला गेलो. यापुढे दोन्ही ड्रायव्हर दादांनी गाडी लावल्यावर दीड-दोन मिनिटं रिकामी चालू ठेवायची आणि सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस करायची नाही. मागे लोक हॉर्न मारतील, मारू देत. एअर फिल्टर आणि हवेच्या पाइपचे क्लँप मी स्वतः महिन्यातून एकदा बघेन. बर्फाचं खारं पाणी गळून ते गंजतात हे आता कळलं.

पूर्ण टर्बो न बदलता फक्त त्याचा आतला कोर बदलता येतो, बाहेरचं कवच चांगलं असेल तर. उद्या ते उघडून बघायचंय. कोरचा आणि पूर्ण टर्बोचा, असे दोन्ही दर लिहून मागवलेत. रविवारच्या मीटिंगमध्ये ते समोर ठेवतो. ज्यांच्या ओळखीत टर्बोचं काम जाणणारा मिस्त्री असेल त्यांनी त्याला घेऊनच या.

— आपला सेक्रेटरी