जुनी रेसकार, नवा मालक : पाना कुठून फिरवायला सुरुवात करावी?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी हा आठवड्यातून चार तासांचा विषय होता, त्यामुळे या लेखाचं शुद्धलेखन आजीने तपासलं आहे. (आजीला ‘कॅम्बर’ समजावताना काय झालं, यावर वेगळा लेख होईल!) विषय मात्र आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. वापरलेली रेसकार विकत घेतली, मालक नवखा आहे आणि पदरी रेसिंग टीम नाही, तर नेमकं करायचं काय?

माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, अशी एक गाडी घेतली. मारुती एस्टीम. ही गाडी भारतात १९९४ ते २००७ या काळात विकली गेली. १२९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. हलकी आणि स्वस्त असल्यामुळे आपल्याकडच्या सलून कार रेसिंगमध्ये ती बरीच वापरली गेली, आणि तिचे सुटे भाग अजूनही पुण्यात नाना पेठेत शोधले तर मिळतात. दादाची गाडी आतून रिकामी केलेली, पोलादी रोल केज बसवलेली आणि आटे असलेल्या ॲडजस्टेबल स्ट्रटची आहे. विकणाऱ्याने एकच वाक्य सांगितलं होतं, “गाडी रेडी टू रेस आहे.”

आता ‘रेडी टू रेस’ हे काही माप नव्हे! त्याचं ना एकक, ना टॉलरन्स. म्हणून आम्ही ठरवलं, की प्रत्येक गोष्ट स्वतः मोजायची आणि वहीत लिहायची. काकूची अट एवढीच होती, “पळाली नाही तरी चालेल, थांबली पाहिजे.” त्यावरून वहीचा नियम ठरला. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय गाडी ट्रेलरवर चढणार नाही.

१. नट-बोल्ट आणि नेलपॉलिश

गाडी जॅकवर उचलून खाली घोड्या लावल्या (नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका) आणि एका टोकापासून प्रत्येक बोल्ट तपासला. स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक कॅलिपर, सीट, इंजिन माउंटिंग, या क्रमाने. टॉर्कचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावेत. अंदाजाने जोर लावला की एक तर बोल्ट ढिला राहतो, नाहीतर आटे मरतात. आवळून झालं की नट आणि त्याखालचा भाग यांच्यावरून एक सरळ रेघ ओढायची. त्यासाठी पेंट मार्कर मिळतो, पण माझं लाल नेलपॉलिश उत्तम चाललं. नट फिरला तर रेघ तुटते आणि ते लांबून दिसतं. पुढच्या वेळी दीडशे बोल्टना पाना लावण्याऐवजी दीडशे रेघा बघायच्या!

त्याच वेळी सस्पेन्शनचे भाग रॉकेलने घासून स्वच्छ केले आणि डाय पेनेट्रंट टेस्ट केली. आपल्या मटेरियल्सच्या प्रॅक्टिकलमध्ये असते तीच. पातळ लाल डाय लावायचा, थोडा वेळ थांबायचं, पृष्ठभाग पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेगेत मुरलेला डाय बाहेर येऊन लाल रेघ उमटते. डाव्या पुढच्या लोअर आर्मवर, बुशच्या घराजवळ, ११ मिलिमीटरची रेघ उमटली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं. फटीगने धातू कसा थकतो ते आपण सेमिस्टरला दहा मार्कांसाठी लिहितो, पण भर वेगात हा आर्म तुटला असता तर चाक आपल्या मर्जीने वळलं असतं, हे ती रेघ बघून समजलं. दोन्ही बाजूंचे आर्म नवीन घातले.

२. पट्टे आधी, शॉक ॲबसॉर्बर नंतर

इथे आमचं भांडण झालं. दादाला उरलेल्या पैशात महागडे शॉक ॲबसॉर्बर हवे होते. मी सीटबेल्टच्या पट्ट्यांवरचं लेबल दाखवलं. एफआयए मान्यतेच्या हार्नेसवर तो कोणत्या सालापर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं, आणि आमच्या हार्नेसची मुदत संपली होती. पट्टे दिसायला चांगले होते, पण ऊन, घाम आणि घासणं यामुळे विणीची ताकद कमी होते आणि ती बघून कळत नाही. एकदा मोठ्या अपघातात ताणलेला पट्टा तर बदलायलाच हवा, कारण तो ताणून ऊर्जा शोषण्यासाठीच बनवलेला असतो.

दादा म्हणाला, “अगं, पट्ट्याने लॅप टाइम कमी होतो का?” मी म्हटलं, “नाही होत. पण माझी सही होणार नाही.” दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्याने नवीन हार्नेस मागवला. फायर एक्स्टिंग्विशरची तारीखही त्याच दिवशी तपासून घेतली.

३. ब्रेकचा हिशेब

९०० किलोची गाडी (ड्रायव्हर धरून) ताशी १४० किलोमीटरवरून ७० वर आणायची आहे. कायनेटिक एनर्जीतला फरक काढा. साधारण ५१० किलोज्यूल येतो. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचं पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल! आणि हे तीनेक सेकंदांत, प्रत्येक मोठ्या वळणाआधी, बहुतांश पुढच्या दोन डिस्कमध्ये.

आता ब्रेक फ्लुइड बघा. डॉट ४ ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. फ्लुइड उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ जमिनीला टेकतं. म्हणून जुनं फ्लुइड पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं नवीन भरायचं आणि सगळी हवा काढायची. उघडा राहिलेला अर्धा डबा ‘पुढच्या वेळी’ म्हणून ठेवू नये. रबरी होजला पीळ, फुगवटा किंवा चीर दिसली तर होजही बदलावी.

४. इंजिन उघडायचं का?

नवखा मालक सर्वांत आधी इंजिनाकडे धावतो, कारण बढाई मारायला तेच बरं! पण आधी कम्प्रेशन टेस्ट करा. इंजिन गरम करायचं, इग्निशन आणि इंधन बंद करायचं, चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि एकेका भोकात गेज लावून स्टार्टर फिरवायचा. आमची रीडिंग १७२, १७६, १६८ आणि १७४ पीएसआय आली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, असा एक साधा ठोकताळा आहे. आमचा फरक पाच टक्क्यांच्या आत होता.

एखादा सिलिंडर कमी दिसलाच तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंग्जवर संशय, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर. आम्ही ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट आणि टायमिंग बेल्ट बदलला आणि इंजिनाला नमस्कार करून बॉनेट बंद केलं. ओव्हरहॉलचे पैसे वाचले.

५. ओळंबा आणि तंगूस

आता सेटअप. लेझर अलाइनमेंट मशीन नसलं तरी चालतं. कॅम्बरसाठी गवंड्याचा ओळंबा घ्या. तो रिमसमोर धरून वरच्या कडेपर्यंतचं आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. रिमचा व्यास ३५० मिलिमीटर असेल आणि वरची कडा १२ मिलिमीटर आत झुकली असेल, तर कॅम्बर जवळपास उणे २ अंश. सुरुवातीला पुढच्या चाकांना आम्ही एवढाच ठेवला.

टो मोजायला गाडीच्या दोन्ही बाजूंना घोड्यांवर तंगूस ताणून बांधा. डाव्या आणि उजव्या हबपासून दोरीचं अंतर सारखं हवं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी वेगळी असू शकते, म्हणून पुढचं अंतर पुढच्याशी आणि मागचं मागच्याशी जुळवा. मग स्टिअरिंग सरळ बांधून प्रत्येक रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. ३५० मिलिमीटरवर १ मिलिमीटर फरक म्हणजे सुमारे १० मिनिटांचा कोन. आम्ही पुढे प्रत्येक चाकाला १ मिलिमीटर टो-आउट दिला. त्यामुळे गाडी वळणात पटकन शिरते.

६. चार कोपऱ्यांची वजनं

चार पायांचं टेबल डुगडुगतं तेव्हा दोन तिरपे पाय जास्त भार घेतात. गाडीचंही तसंच असतं, फक्त स्प्रिंगमुळे ते दिसत नाही. चार चाकांखाली वजनकाटे हवेत. रेसिंगचे काटे महाग, म्हणून बाथरूम स्केल आणि पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स वापरलं. मजबूत फळीचं एक टोक स्थिर आधारावर आणि दुसरं स्केलवर ठेवलं. दोन आधारांत ९० सेंटिमीटर अंतर, आणि चाक स्थिर आधारापासून ३० सेंटिमीटरवर. स्केलवर चाकाच्या वजनाचा एक तृतीयांश भाग दिसतो. फळीचं स्वतःचं रीडिंग वजा करा आणि तीनने गुणा! चारही फळ्या एका पातळीत आहेत की नाहीत ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा. अँटी-रोल बारची एक लिंक सोडा, आणि ड्रायव्हरला सीटवर बसवा.

आमचे आकडे : डावं पुढचं २९०, उजवं पुढचं २७०, डावं मागचं १५०, उजवं मागचं १९०. एकूण ९०० किलो. आता तिरपी बेरीज करा. उजवं पुढचं अधिक डावं मागचं = ४२०, म्हणजे ४६.७ टक्के. दुसरी तिरपी जोडी ४८०. अशी गाडी उजव्या वळणात नाक बाहेर टाकते आणि डाव्या वळणात शेपूट हलवते. ड्रायव्हर बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो.

उपाय सोपा आहे. उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या स्ट्रटची स्प्रिंग-सीट थोडी वर, उरलेल्या दोन तेवढ्याच खाली. प्रत्येक बदलानंतर गाडी हलवून बसवायची आणि पुन्हा मोजायचं. एका रविवारच्या घामानंतर आकडे आले २७५, २८५, १६५, १७५. दोन्ही तिरप्या बेरजा ४५०! गंमत बघा, पुढची बेरीज ५६० आणि डावीकडची ४४० होती तशीच राहिली. स्प्रिंग फिरवून ती बदलत नाही, त्यासाठी बॅटरीसारखी जड वस्तूच हलवावी लागते.

७. टायर खरं बोलतात

टायरमध्ये सकाळी ३० अंशांना २४ पीएसआय हवा भरली आणि आतली हवा ७० अंशांवर गेली, तर दाब किती? गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवा, केल्विनच्या गुणोत्तराने (३४३ भागिले ३०३) गुणा, आणि १४.७ वजा करा. उत्तर सुमारे २९. म्हणून लक्ष्य गरम दाबाचं ठेवावं आणि थंड दाब त्यावरून ठरवावा.

कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर आम्हाला सरावाचा दिवस मिळाला. २.१ किलोमीटरचा हा ट्रॅक फॉर्म्युला मारुती बनवणाऱ्या एस. करिवरधन यांच्या नावाने ओळखला जातो. पहिल्या पाच लॅप्स हळू, मग लगेच पिटमध्ये. व्हील नट पुन्हा टॉर्कला, गळती बघायची, रेघा बघायच्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या एका नटाची रेघ तुटलेली सापडली. नेलपॉलिश जिंदाबाद!

नंतर टायरच्या रबरात सुई खुपसून तापमान घेतलं. पुढचा डावा : आत ८४, मध्ये ७९, बाहेर ७६ अंश. मधला भाग दोन्ही कडांच्या सरासरीजवळ, म्हणजे दाब योग्य. आतली कड किंचित गरम, म्हणजे कॅम्बर ठीक. बाहेरची कड जास्त गरम असती तर कॅम्बर वाढवावा लागला असता. गाडी हळू वळणांत अजून नाक बाहेर टाकत होती, तेव्हा मागचा अँटी-रोल बार एक भोक कडक केला. फक्त तेवढंच. एका वेळी दोन बदल केले की सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. नंतरच्या लॅप्समध्ये दादाला स्टिअरिंग कमी फिरवावं लागलं, आणि स्टॉपवॉचनेही त्याला दुजोरा दिला.

संध्याकाळी दादाने काकूला फोन केला. तिने वेग विचारला नाही. “ब्रेक लागले ना?” एवढंच विचारलं.

आपल्या कॉलेजच्या बाहा टीमला सीनियर्सची जुनी बग्गी मिळते, तेव्हाही हाच क्रम लावून बघा. भेगा, पट्टे, ब्रेक, मग इंजिन, मग अँगल, मग वजन आणि शेवटी टायर. डाय, डेव्हलपर, ओळंबा आणि फळ्या माझ्याकडे आहेत. वर्कशॉपमध्ये विचारा, घेऊन येते. स्केल मात्र तुमचे आणा, आमच्या घरचा आईने परत मागून घेतला आहे!