सीडीविना राउटरची जोडणी

घराच्या कुलपाच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हे प्रत्येक गृहस्थास ठाऊक असते. घरातील बिनतारी इंटरनेटबाबत मात्र अशी दक्षता क्वचितच आढळते. ज्या राउटरमधून नेटबँकिंगचे व्यवहार होतात, तो तंत्रज्ञाने एकदा जोडून दिला की त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पुन्हा जोडण्याची वेळ आली की जुन्या राउटरची सीडी सापडत नाही. सापडली तरी आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सीडी घालण्याची सोय नसते. वस्तुतः सीडीची गरजच नाही. राउटर हा स्वतःच एक लहान संगणक असून त्याच्या सेटिंगचे पान त्याच्यातच साठवलेले असते.

जोडणीची पद्धत

इंटरनेट सेवा पुरवठादाराची केबल राउटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये व संगणकाची केबल ‘लॅन’ पोर्टमध्ये बसवावी. राउटरच्या तळाशी असलेल्या लेबलवर त्याचा पत्ता दिलेला असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाइप केल्यावर सेटिंगचे पान उघडते. हा पत्ता घरापुरताच असल्याने त्यासाठी इंटरनेट सुरू असावे लागत नाही.

लेबलवरील पासवर्ड चालत नसल्यास ‘रीसेट’चे बटण टाचणीने सुमारे १० सेकंद दाबून धरावे. मात्र त्यामुळे आधीची सर्व माहिती पुसली जाते. म्हणून जोडणीचा प्रकार पुरवठादाराकडून आधीच जाणून घ्यावा. ‘पीपीपीओई’ प्रकारात त्याने दिलेले युजर नेम व पासवर्ड भरावे लागतात. ‘डायनॅमिक आयपी’मध्ये सहसा त्यांची गरज नसते.

दोन पासवर्ड, दोन कुलपे

येथे पुष्कळांची गल्लत होते. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि सेटिंगच्या पानाचा वेगळा. दोन्ही बदलणे अगत्याचे आहे.

वाय-फायसाठी ‘डब्ल्यूईपी’ ही पद्धत कदापि निवडू नये. तिच्यातील उणिवा २००१ मध्येच उघड झाल्या. ‘डब्ल्यूपीए२’ अथवा २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए३’ निवडावी. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे आढळले होते. तेथील रहिवाशाचा त्याच्याशी संबंध नव्हता; त्याच्या असुरक्षित वाय-फायचा इतरांनी गैरवापर केला होता.

दुसरे कुलूप अधिक दुर्लक्षित, पण तितकेच महत्त्वाचे. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास अंतर्गत प्रणालीतील दोषाचा लाभ घेऊन सुमारे ४५ लाख मोडेमच्या सेटिंगमध्ये परस्पर बदल करण्यात आले. ग्राहकाने बँकेचा पत्ता अचूक टाइप केला, तरी बनावट पान उघडावे अशी ती योजना होती. म्हणून सेटिंगचा मूळ पासवर्ड बदलण्यासोबतच ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद ठेवावे आणि राउटरचे ‘फर्मवेअर’ वेळोवेळी अद्ययावत करावे.

या साऱ्यास अर्धा-पाऊण तास लागतो. परंतु जो ग्राहक हे काम स्वतः करतो, त्याला आपल्या घराच्या या अदृश्य दाराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे निश्चितपणे ठाऊक असते.