अश्रुपटलाची जाडी

मद्रासच्या (म्हणजे आजच्या चेन्नईच्या) प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०६ साली आपला पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. आयताकृती फटीमुळे उमटणाऱ्या प्रकाशपट्ट्या हा त्याचा विषय. पुढे शिंपल्यातील पातळ थरांच्या रंगांचाही त्यांनी अभ्यास केला. त्याच शहरात १९७८ साली शंकर नेत्रालय स्थापन झाले. डोळ्यांची आग होते म्हणून नेत्रवैद्याकडे येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतही पुष्कळदा प्रश्न असतो तो पातळ थराचाच: स्वच्छमंडलावरील अश्रुपटल पुरेसे आहे काय?

डोळ्याला काहीही टेकविले की अश्रू वाहू लागतात. म्हणजे जे मोजावयाचे तेच बदलते. म्हणून येथे प्रकाशाचाच आश्रय घ्यावा लागतो. पटलाच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेले किरण एकत्र आले असता काही तरंगलांबींचा प्रकाश तीव्र होतो, काहींचा मंदावतो. ६०० ते १,००० नॅनोमीटरांच्या दरम्यान असे सुमारे पाच चढउतार आढळले, तर पटल ३ मायक्रोमीटर जाड असते. २००० साली किंग-स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण हीच जाडी दाखवून दिली; त्यापूर्वीचे काही अंदाज ४० मायक्रोमीटरांपर्यंत गेले होते! नेहमीच्या प्रकाशीय छेदचित्रण यंत्राला सुमारे ५ मायक्रोमीटरांहून जवळचे पृष्ठभाग वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे त्याचा येथे फारसा उपयोग नाही.

सर्वांत वरचा मेदाचा थर याहून कितीतरी पातळ. तो जाड असल्यास तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात, पातळ असल्यास नुसती करडी छटा. तो फारच विरळ झाला, की खालचे पाणी लवकर उडून जाते आणि डोळा चुरचुरू लागतो.